भारोभार गूळ

नवस बोलताना माणूस कुणाची परवानगी घेत नाही, आणि रुख्मिणीबाई तर कशाचीच घेत नसत. सुनेला, शरयूला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. पुढच्या खेपेला त्या खामगावहून एकट्याच एसटीनं आपल्या गावी, साखरखेर्ड्याला गेल्या. देवीच्या उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि बोलून आल्या, की लेकरू आणि त्याची माय दोघं सुखरूप राहिली तर दोघांना तागडीत बसवीन आणि त्यांच्या भारोभार गूळ गावाला वाटीन. घरी येऊन त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नवस आधी बोलून दाखवला की त्यातला जोर जातो असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या मतांच्या वाटेला त्यांचा मुलगा अनंतही जात नसे, मग सून कुठली जाणार.

जानेवारीत इरा झाली. सव्वा महिन्यानं बारसं झालं, घर पाहुण्यांनी भरलं आणि पाळणा म्हणून झाल्यावर रुख्मिणीबाईंनी सगळ्यांसमोर नवसाची गोष्ट सांगितली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शरयूलाही भरून आलं. तेवढ्यात मेहकरच्या चुलत सासूबाई, ज्यांना कुठल्याच मंगल प्रसंगी गप्प बसणं जमलेलं नाही, त्या म्हणाल्या, "रुख्मिणे, नवस बोलाच्या आधी सुनेकडं पाह्यचं तं होतं वो. आता गुळाचा ट्रकच आणा लागन."

सगळी बैठक हसली. सगळ्यांत जास्त रुख्मिणीबाई हसल्या. त्यांना ते कौतुकच वाटलं. भरल्या अंगाची सून, भरलेली तागडी, देवीला भरपूर गूळ, यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे हे त्यांना कुणी समजावून सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

शरयूही हसली. पण दोन दिवसांनी बारशाचे फोटो आले तेव्हा ती ते एकटीच बघत बसली. हिरव्या साडीतली ती गरगरीत बाई आपणच आहोत हे तिला मान्यच होईना. लग्नात ती अठ्ठावन्न किलोंची होती. आता काटा एकोणऐंशी दाखवत होता. शाळेत नववी-दहावीला गणित शिकवणारी बाई, तिला ही वजाबाकी करायला कागद लागला नाही. मग ती तागडी तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. गाव जमलंय, एका पारड्यात ती बसलीये, दुसऱ्या पारड्यात गुळाची एकेक भेली चढतेय, आणि तिचं पारडं काही केल्या उचललं जात नाही. लोक मोजतायत आणि मेहकरच्या चुलत सासूबाई तोंडाला पदर लावून हसतायत. हे चित्र तिनं कुणालाही सांगितलं नाही, अनंतला तर नाहीच.

पहिले चार दिवस तिनं वेड्यासारखं केलं. लिंबूपाणी आणि दोन काकड्या यांवर राहिली. पाचव्या दिवशी दूध आटलं, इरा भुकेनं रडून लाल झाली आणि शरयू तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे धावली. त्या बाई जुन्या, तोंडानं फटकळ. त्यांनी आधी शरयूला चांगलं फैलावर घेतलं आणि मग पाणी पाजून खाली बसवलं. अंगावर पाजणाऱ्या बाईनं उपाशी राहायचं नसतं, त्या म्हणाल्या. हे वजन नऊ महिन्यांत आलंय, त्याला उतरायलाही तेवढेच महिने द्या. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी, ताक, दोन वेळा पोटभर जेवण. डिंकाचा लाडू दिवसाला एक, चार नाहीत. रोज सकाळी चालायचं आणि पुरेसं झोपायचं. शरयूनं सगळं लिहून घेतलं. दिलेला अभ्यास तंतोतंत करणारी ती बाई होती.

रुख्मिणीबाईंनी दीडशे लाडू वळून ठेवले होते. दिवसाला एक हे ऐकून त्यांना आधी अपमान वाटला, चिमणी आहेस का तू, असं त्या म्हणाल्या. पण डॉक्टरीणबाईंनी दुधाचं कारण सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी लाडवाचा डबा स्वतः वरच्या फळीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून घराची शिस्तच बदलून टाकली. पहाटे साडेपाचला त्या इराला मांडीवर घेऊन बसायच्या आणि शरयूला चालायला पिटाळायच्या. ती कधी आळसावली, आज राहू द्या आई म्हणाली, की त्या तिची चप्पल दारात सरळ करून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "जाय. मी हाय न." शेजारची मयुरी सोबतीला असायची. दोघी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या रस्त्यानं जाऊन यायच्या. परत येईतो रुख्मिणीबाईंच्या भाकरी थापून झालेल्या असत आणि इरा त्यांच्या पायांवर पालथी पडून तेल मुरवत असे.

हे सगळं त्यांनी कशासाठी केलं, याचा शरयूनं तेव्हा विचार केला नाही. सासूला पटलं, एवढंच तिला पुरेसं होतं. खरी गोष्ट अशी होती की सुनेला हौस आहे, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

नवसाचं मात्र त्या विसरल्या नाहीत. आधी दर शुक्रवारी विचारायच्या, "मंग, कधी बसतं?" शरयूकडे कारणं तयार असत. ऊन फार आहे, इरा लहान आहे, प्रवास झेपायचा नाही. जुलैत रजा संपून शाळा सुरू झाली, तेव्हा शाळेचं कारण मिळालं. एकदा तिनं धीर करून सांगितलं, की साठावर आले ना आई, की लगेच बसते. देवी काही साठ म्हणत नाही की ऐंशी म्हणत नाही, असं काहीतरी त्या पुटपुटल्या, आणि त्यानंतर त्यांनी विचारणं कमी केलं. पुढे महिन्यातून एकदा. पुढे तेही नाही. नवस लांबवू नये अशी त्यांची श्रद्धा होती, पण सुनेवर बळजबरी करू नये ही श्रद्धा त्याहून मोठी निघाली.

वजन उतरत होतं. दर रविवारी सकाळी शरयू काट्यावर उभी राहायची आणि आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायची. जूनमध्ये एकाहत्तर, ऑगस्टच्या शेवटी सदुसष्ट. जिना चढताना दम लागेना, गुडघे दुखेनात, जुने पंजाबी ड्रेस होऊ लागले. शाळेत बाया विचारू लागल्या, मॅडम, काय करता हो? मग शरयूला स्फुरण चढायचं. उपास नाही, पावडर नाही, काही नाही, आठवड्याला अर्धा किलो, असं ती मधल्या सुट्टीत सांगत बसायची. तिचा चेहरा उजळला होता आणि त्यात काही चूक नव्हती. जे केलं ते तिनं अगदी शहाण्यासारखं केलं होतं, आणि पुढे रडताना तिला हेच सगळ्यांत जड गेलं.

जूनच्या सुमारास रुख्मिणीबाई म्हणाल्या, तुझंच जेवण मलाही वाढत जा, मला तेलकट सोसत नाही आताशा. शरयूला गंमत वाटली. सासूच्या ताटातही अर्धी भाकर, वाटीभर वरण, थोडी मेथी. इरा बाबागाडीत बसायला लागली तशा त्या सकाळी रस्त्याच्या टोकापर्यंत चालायलाही येऊ लागल्या. एका रविवारी शरयूनं त्यांना आग्रहानं काट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न भरलं. तिनं तो आकडाही कॅलेंडरवर लिहिला, आपल्या आकड्याच्या खाली, लाल पेननं, आणि तिथून तो दोघींचा खेळच झाला. जुलैत छप्पन्न. ऑगस्टमध्ये त्रेपन्न. पोलकी सैल झाली ती मयुरीनं मशीनवर आत घेऊन दिली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. अनंत म्हणाला, आई, सुनेशी पैज लावली का काय. शरयूनं दोघींचा फोटो काढून स्टेटसला टाकला, त्याखाली लिहिलं, आमची जोडी. शंभरेक जणांनी वाहवा केली.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी काट्यानं पन्नासच्या आत दाखवलं. एकोणपन्नास. शरयू टाळ्या वाजवत म्हणाली, "आई, तुम्ही तर मला मागे टाकलं!" रुख्मिणीबाई काट्यावरून उतरल्या, भिंतीला धरून जरा उभ्या राहिल्या आणि हसल्या. त्यांचं जेवण जात नव्हतं. पाठीत आणि पोटात दुखायचं, ते त्या ओव्याच्या पाण्यावर भागवत होत्या. हे कुणाला सांगून त्यांना सुनेच्या आनंदात माती कालवायची नव्हती. एवढी घरभर मजा चाललीये आणि आपण काय आपलं रडगाणं लावायचं, असं त्यांनी नंतर मयुरीजवळ बोलून दाखवलं होतं.

दिवाळीत त्यांनी अर्धी चकली तोंडात धरली आणि तशीच ताटात ठेवली. उजेडात बसल्या होत्या, तेव्हा अनंतला त्यांचे डोळे पिवळे दिसले. कावीळ असेल म्हणून खामगावातच दाखवलं, तिथून अकोल्याला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी चार दिवस तपासण्या केल्या आणि पाचव्या दिवशी मुलाला आणि सुनेला आत बोलावलं. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. आता त्रास कमी ठेवायचा, इतकंच हातात होतं.

डॉक्टरांनी साधाच प्रश्न विचारला, यांचं वजन कधीपासून उतरतंय? अनंत शरयूकडे पाहू लागला. असा प्रश्न विचारला की एरवी घरचे लोक चाचपडतात, झाले असतील तीन-चार महिने, असं काहीतरी बोलतात. शरयूला सगळं पाठ होतं. आठ जूनला अठ्ठावन्न, सहा जुलैला छप्पन्न, तीन ऑगस्टला साडेचौपन्न, एकतीस ऑगस्टला त्रेपन्न, अठ्ठावीस सप्टेंबरला एकोणपन्नास. ती एकेक तारीख सांगत गेली. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. एवढ्या बारकाईनं नोंद ठेवणाऱ्या बाईनं पेशंटला आणलं का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं शरयूला वाटलं. बाहेर येऊन ती जिन्यातच बसली, आणि अनंतनं उठवलं तरी उठेना.

घरी आणल्यावर रुख्मिणीबाईंची खाट पुढच्या खोलीत टाकली. त्यांना काय झालंय हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. एका दुपारी त्या इराच्या पायाची बोटं मोजत पडल्या होत्या, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "नवस राह्यला वो शरयू." आवाजात तक्रार नव्हती, एखादं काम राहिल्यासारखं त्या बोलल्या. शरयू म्हणाली, या शुक्रवारी बसते आई. तिचं वजन तेव्हा त्रेसष्ट होतं. साठाची आठवण तिला आली नाही.

रुख्मिणीबाईंना गाडीत बसवून नेण्यासारखी परिस्थिती राहिली नव्हती. दोन दिवसांपासून त्यांचं बोलणं मध्येच भरकटायचं, नवरा जिवंत असल्यासारखं त्या त्याला पाणी द्यायला सांगायच्या. यकृतामुळे असं होतं, डॉक्टरांनी बजावलं होतं. मग ठरलं, की अनंत आईपाशी थांबेल, शरयू इराला घेऊन साखरखेर्ड्याला जाईल आणि गावातला चुलतदीर शालिग्राम सगळी तयारी करून ठेवेल. त्यानं आडत्याकडचा मोठा काटा आणून देवळापुढच्या लिंबाला टांगला होता. पारड्यात पाट, पाटावर नवीन चादर. शरयूनं सासूची आवडती जांभळी साडी नेसली होती.

ती इराला घेऊन बसली. समोर दहा-दहा किलोंच्या भेल्या चढू लागल्या. गावातल्या पंधरा-वीस बाया, काही म्हातारे, एवढीच माणसं होती. कुणी मोजत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. मेहकरच्या चुलत सासूबाई आल्या होत्या, त्या एका बाजूला उभ्या राहून रडत होत्या. सात भेल्या झाल्या, आठवी फोडून थोडी टाकली आणि शरयूचं पारडं जमिनीवरून अलगद उचललं गेलं. नऊ महिने जिची धास्ती घेतली ती गोष्ट पाच मिनिटांत उरकली. खाली उतरताना तिला स्वतःचा इतका राग आला, की शालिग्रामनं हात दिला तो तिनं धरला नाही. त्यानं सगळं मोबाइलवर टिपून घेतलं होतं.

दिवेलागणीला ती घरी पोचली. हातपाय धुऊन, साडीही न बदलता, ती खाटेवर सासूजवळ बसली. त्या दिवशी रुख्मिणीबाई बऱ्या होत्या. तिचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, आली का वो, इरा जेवली का. शरयूनं गुळाचा खडा त्यांच्या ओठांना लावला आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

देऊळ दिसल्याबरोबर त्यांनी हात जोडले. लिंब ओळखला. शालिग्राम म्हातारा दिसायला लागला, म्हणाल्या. इरा दिसली तेव्हा त्यांचा सगळा चेहरा हसला. मग त्यांनी डोळे बारीक केले.

"आन हे बाई कोण हाय?"

अनंत म्हणाला, आई, शरयू आहे ती. तो लहान असताना खोटं बोलल्यावर बघत असतील, तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "मले शिकवतं का बे? माही सून मले ठाऊक नाई का?" मग त्या शरयूकडे वळल्या. हात तिचाच होता, आवाज तिचाच होता, ती त्यांना इथे बसलेली समजत होती. पण तागडीतली ती बारीक बाई त्यांच्या सुनेशी जुळत नव्हती. त्यांची सून बारशातल्या फोटोतली होती. "तू काऊन नाई बसली? इराले घेऊन भलतीच बाई काऊन बसवली?"

शरयूनं समजावलं. फोटो मोठा करून दाखवला. हीच साडी बघा आई, म्हणाली. त्यांनी तिच्या पदराला हात लावून पाहिला आणि सोडून दिला. साडी काय, कुणीही नेसतं, त्या म्हणाल्या. शरयूनं पुन्हा सांगितलं, पुन्हा दाखवलं. मग रुख्मिणीबाईंनी मोबाइल हळूच बाजूला सारला. शुद्धीत असताना नऊ महिने जे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, ते त्यांनी आता अगदी हळू आवाजात विचारलं.

"माह्या नवसाची लाज वाटली का तुले?"

काहीतरी काय बोलतेस आई, असं अनंत म्हणू लागला. शरयूनं त्याला हातानंच थांबवलं. नाही म्हणणं सोपं होतं, आजारी माणसाची समजूत काढायची म्हणून कुणीही नाहीच म्हटलं असतं. पण एवढ्या दिवसांत तिला कुणी खरा प्रश्न विचारला होता तो हाच.

"हाव, आई," ती म्हणाली. "वाटली."

रुख्मिणीबाईंना राग आला नाही. त्यांनी तिच्या दंडावरून हात फिरवला, काहीतरी शोधत असल्यासारखा, वर-खाली.

"त्यात कायची लाज वो? तेवढ्या अंगानंच तं तू इरा आणली."

शरयूनं त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं, पण भार पडू नये म्हणून मान उचलूनच धरली.

"आता बसशीन?"

"बसते."

"येत्या शुक्रवारी?"

"येत्या शुक्रवारी."

मीही येते, त्या म्हणाल्या, आणि आपली ठेवणीतली मोरपिशी साडी काढून ठेवायला सांगितली. शरयूनं ती कपाटातून काढून त्यांच्या उशाशी ठेवली. त्यानंतर त्या शांत झोपल्या. शनिवारी आणि रविवारी जाग आली की साडीला हात लावून बघायच्या, शुक्रवार आला का विचारायच्या. सोमवारी त्यांनी काही विचारलं नाही. मंगळवारी सकाळी इराला पाजून शरयू पुढच्या खोलीत आली, तेव्हा सगळं संपलं होतं.

मुलुखातून माणसं येईपर्यंत दुपार झाली. अंघोळ घालून साडी नेसवायची वेळ आली तेव्हा बायकांनी पुरुषांना बाहेर काढलं. शरयूनं मोरपिशी साडी उलगडली, सासूच्या मानेखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा. मयुरी उचलू लागायला पुढे आली होती, पण तिची गरज पडली नाही.